शंभर टक्के निकाल आणि वाचनाची परीक्षा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ह्या आठवड्यांत आपण पुष्कळ भाषणें ऐकलीं. देवळाचा पाया कसा घातला गेला, घंटा कोणी दिली, पहिल्या धर्मगुरूंनीं कोणत्या हालअपेष्टा सोसल्या, हें सर्व वडीलधाऱ्या मंडळींनीं आपणांस सांगितलें. आज मजकडे जो विषय आला आहे तो देवळाचा नसून देवळाशेजारच्या शाळेचा आहे. "शाळेच्या प्रगतीविषयीं चार गौरवाचे शब्द बोला," असें समितीनें मला कळविलें. ज्या शाळेनें पन्नास वर्षें शेतकऱ्यांच्या, कोळ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांना आपल्या ओसरीवर बसवून अक्षर दाखविलें, तिच्या गौरवास माझे शब्द अपुरे पडतील. परंतु गौरवापूर्वीं मला एक कबुली द्यावयाची आहे. इतरांचें पापनिवेदन ऐकणें हें माझें नित्याचें काम; आज तें करण्याची पाळी माझी आहे.

शाळेच्या फाटकावर एक निळी पाटी आपण रोज पाहतां. "पहिली ते सातवी, सर्व वर्गांचा निकाल शंभर टक्के" असें तिजवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलें आहे. ती पाटी शिक्षकांनीं लावलेली नाहीं. शाळेचा व्यवस्थापक ह्या नात्यानें ती मीं लावविली. दर वर्षीं स्नेहसंमेलनांत तो आंकडा मी वाचून दाखवीत असें, आपण टाळ्या वाजवीत असां, आणि सर्वजण समाधानानें घरीं जात असूं.

गेल्या जून महिन्यांतील एका शनिवारची गोष्ट आहे. नुकताच पांचवींत गेलेला एक वेदीसेवक दुसऱ्या दिवशींच्या मिस्सेंत विश्वासूंच्या प्रार्थना म्हणावयाचा होता. आदल्या आठवड्यांत त्यानें त्या इतक्या स्वच्छ म्हटल्या होत्या कीं, मीं त्याची पाठ थोपटली होती. शनिवारीं संध्याकाळीं तो सरावासाठीं आला. ऐनवेळीं मीं प्रार्थना बदलल्या होत्या. नवा कागद त्याच्या हातीं दिला आणि "वाच, बाळ" म्हटलें. त्यानें कागदावर नजर लावली, बोट ओळीवर ठेवलें, आणि गेल्या रविवारच्या प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत खणखणीत आवाजांत म्हणून दाखविल्या. माझ्या हातांतील कागदावर त्यांतला एकहि शब्द नव्हता.

मीं त्याला रागें भरलों नाहीं. जवळ बसविलें. तेव्हां तो हळूच म्हणाला, "फादर, ताई वाचते आणि मी पाठ करतों." तिसरीचें पुस्तक आणून मीं त्याजपुढें ठेवलें. सुटीं अक्षरें तो ओळखीत होता. काना-मात्रा असलेला शब्दहि थांबत थांबत लावी. पण जोडाक्षर आलें कीं, बोट तेथेंच थबके. वाक्याच्या शेवटीं पोंचेपर्यंत सुरुवात विसरलेली असे. ह्याच मुलाच्या चौथीच्या प्रगतिपत्रकावर मराठींत 'ब-२' श्रेणी होती. म्हणजे शंभरांपैकीं एकसष्ट ते सत्तर गुण. आणि ज्या शंभर टक्क्यांवर मीं टाळ्या घेतल्या, त्या शंभरांत तोहि एक होता.

त्याच्या आईवडिलांच्या संमतीनें, आणि नांव न घेतां, मी ही गोष्ट सांगत आहें. दोष मुलाचा नाहीं. तो बुद्धिमान आहे. दोन पानांच्या प्रार्थना एका रात्रींत पाठ करणें हें मंदबुद्धीचें लक्षण नव्हे. दोष बाईंचाहि नाहीं. मीं त्यांना विचारलें तेव्हां त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "फादर, मला ठाऊक होतें. पण तोंडी कामांत तो चांगला, प्रकल्प नीटनेटका करतो, कविता म्हणतो. गुणांची बेरीज होते. पुस्तक पुरें करावयाचें असतें आणि वर्ग पुढें न्यावयाचा असतो." मीं त्यांना त्या क्षणीं दुसरा प्रश्न विचारला नाहीं, कारण तो प्रश्न मला स्वतःलाच विचारावयाचा होता. इतक्या वर्षांत एकदां तरी, एका तरी मुलाजवळ बसून, "मला हें पान वाचून दाखव" असें मीं म्हटलें होतें काय?

बंधुभगिनींनो, निकाल ह्या शब्दाचा अर्थ आपण थोडा तपासून पाहूं. बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक १९११ सालीं मांडलें होतें व तें तेव्हां फेटाळलें गेलें. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं हा हक्क साऱ्या देशांतील मुलांच्या पदरीं पडला. त्या कायद्यानें आठवीपर्यंत कोणत्याहि मुलास त्याच वर्गांत मागें ठेवूं नये असें ठरविलें, आणि वर्षाच्या शेवटच्या एकाच परीक्षेऐवजीं वर्षभर मुलाकडे पाहात राहावें अशी अपेक्षा केली. आपल्या राज्यांत २०१० सालीं 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' सुरू झालें तें त्यासाठीं. त्यांत पहिली-दुसरीस ७० गुण आकारिक व ३० संकलित. तिसरी-चौथीस ६० व ४०. पांचवी-सहावीस ५० व ५०. सातवी-आठवीस ४० व ६०. आकारिक म्हणजे रोजचें निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय इत्यादि. संकलित म्हणजे सत्राच्या अखेरची परीक्षा.

ह्या योजनेंत वाईट कांहींच नाहीं. मूल केवळ तीन तासांच्या उत्तरपत्रिकेंत मावत नाहीं हें त्यामागचें तत्त्व मला मान्य आहे. परंतु औषधाची चिठ्ठी उत्तम असली तरी औषध पोटांत गेल्यावांचून गुण येत नाहीं. रोजच्या निरीक्षणाची वही ही मुलाचें कोठें अडतें तें कळण्यासाठीं होती. ती आम्हीं गुण भरण्याची वही केली. आणि ज्या वर्गांतून कोणासहि मागें ठेवावयाचें नाहीं, त्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागणार हें उघड आहे. जो आंकडा दुसरा असूंच शकत नाहीं, तो पाटीवर लिहून मीं तुम्हांला काय सांगितलें? कांहींच नाहीं. उलट, जें सांगावयास हवें होतें तें त्या पाटीआड झांकलें गेलें.

तुम्ही म्हणाल, पूर्वींची नापास करण्याची पद्धतच बरी होती. मलाहि ती आठवते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मी दुसरींत होतों. माझ्या शेजारीं पाटावर बसणारा एक मुलगा त्या वर्गांत तिसऱ्या वर्षीं होता. उंचीनें तो गुरुजींच्या खांद्याला लागे, आणि आम्ही लहान मुलें त्याला हंसत असूं. तीन वर्षें त्याला तेंच पुस्तक, तोच धडा, तीच छडी मिळाली. त्याचें कोठें अडतें हें त्या तीन वर्षांत कोणी पाहिलें नाहीं. चौथ्या वर्षीं तो आलाच नाहीं. वडिलांबरोबर मळ्यांत पाणी धरूं लागला. पुढें पुष्कळ वर्षांनीं मी त्याच्या लग्नाच्या नोंदीवर त्याचा अंगठा घेतला आहे. तेव्हां नापास करण्यानें वाचन येतें असें मला कोणी सांगूं नये. आणि वर ढकलण्यानें येतें असेंहि सांगूं नये. शिकविल्यानें येतें.

आतां नियमहि बदलला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा घेण्याचें ठरलें, आणि आपल्या राज्यानें २०२३ सालीं ती व्यवस्था स्वीकारली. अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन करून दोन महिन्यांच्या आंत पुन्हा परीक्षा द्यावयाची; त्यांतहि तें मागें राहिलें तर त्याच वर्गांत ठेवतां येतें. म्हणजे चार वर्षें आपण ज्याला 'ब-२' म्हणून पुढें पाठविलें, त्याला पांचवीच्या उंबरठ्यावर अचानक अडविलें जाण्याचा प्रसंग येऊं शकतो. आमच्या आळसाची शिक्षा दहा वर्षांच्या पोरानें भोगावी, ह्याहून मोठा अन्याय कोणता?

हा प्रश्न आपल्याच गांवचा आहे असें समजूं नका. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील बालवर्गांपासून ज्या 'प्रथम' संस्थेचें कार्य सुरू झालें, ती २००५ पासून 'असर' नांवाची पाहणी करीत आली आहे. ग्रामीण भागांत घरोघर जाऊन, एकेका मुलाला जवळ बसवून, अगदीं साधी परीक्षा घेतात: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा लहान परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितांत अंक ओळखणें, दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी संख्येस एका अंकानें भागणें. २०२४ सालीं ६०५ जिल्ह्यांतील सहा लाखांहून अधिक मुलांपर्यंत ही पाहणी पोंचली. सरकारी शाळांतील पांचवीच्या मुलांपैकीं दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचूं शकणारीं मुलें २०१८ सालीं शेंकडा ४४.२ होतीं, कोरोनाच्या साथींत शाळा बंद राहिल्यावर २०२२ सालीं तीं ३८.५ झालीं, २०२४ सालीं ४४.८. तिसरीच्या वर्गांत हेच आंकडे अनुक्रमें २०.९, १६.३ आणि २३.४ असे आहेत. भागाकार करूं शकणारीं पांचवीचीं मुलें, सरकारी व खाजगी शाळा मिळून, २०२४ सालीं शेंकडा ३०.७ होतीं. केंद्र सरकारनें ४ डिसेंबर २०२४ रोजीं जी 'परख' पाहणी केली, तींत तिसरीच्या शंभरांपैकीं पंचावन्न मुलांनाच ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमानें लावतां आल्या.

वाचनांत आपलें राज्य देशाच्या सरासरीहून पुढें आहे, आणि साथींत गमावलेलें बरेंच देशानें दोन वर्षांत भरून काढलें, ही आनंदाची गोष्ट आहे. शिक्षकांनीं मनावर घेतलें तर काय होतें हें त्यांत दिसतें. पण पांचवींतील निम्म्याहून अधिक मुलें दुसरीची गोष्ट वाचूं शकत नसतां देशांतील बहुतेक प्रगतिपत्रकें समाधानाचीं असतात, हें विसरून चालणार नाहीं.

त्या शनिवारनंतर मुख्याध्यापिकाबाई आणि मी दोघांनीं मिळून अशाच साध्या कागदावर आपल्या तिसरी ते पांचवीच्या प्रत्येक मुलाजवळ बसून पाहिलें. व्हरांड्यांत एक बाक, एक मूल, एक पान, आणि पांच मिनिटें. किती मुलें अडलीं तो आंकडा मी ह्या सभेंत सांगणार नाहीं, कारण तो पुन्हा एखाद्या पाटीचा विषय व्हावा अशी माझी इच्छा नाहीं. ज्याच्या-त्याच्या आईवडिलांना बाईंनीं एकांतांत सांगितलें आहे. इतकेंच म्हणतों कीं, तो वेदीसेवक एकटा नव्हता.

त्या बाकावर बसून मी स्वतः पुष्कळ शिकलों. आपल्या लिपींत 'र' हें एक अक्षर घ्या. 'क्रम' मध्यें तें पायाशीं तिरकी रेघ होतें, 'सूर्य' मध्यें डोक्यावर चढतें, 'राष्ट्र' मध्यें खालीं टोपीसारखें बसतें, आणि 'दऱ्या' मध्यें आणखी निराळें दिसतें. आपणां मोठ्यांना ह्याचें कांहींच वाटत नाहीं; मुलाला मात्र तीं चार अनोळखी माणसें वाटतात. कोणी सावकाश ओळख करून दिली नाहीं तर तें त्या चौघांनाहि वळसा घालून पुढें जातें, आणि एके दिवशीं वाचनालाच वळसा घालतें.

गणिताचें तसेंच. बावन्नांतून सदतीस वजा करण्यास सांगितलें असतां कित्येक मुलांनीं पंचवीस उत्तर लिहिलें. गुण द्यावयाचे तर शून्य. पण विचारलें तेव्हां एक मुलगी म्हणाली, "दोनांतून सात जात नाहींत, म्हणून सातांतून दोन काढले." पाहा, तिनें विचार केला होता. एक दशक मोडून त्याचे दहा एकक करावयाचे, एवढीच पायरी तिला कोणी हातांत धरून दाखविली नव्हती. आगपेटीच्या काड्यांचे दहा-दहांचे जुडगे बांधून दाखविल्यावर अर्ध्या तासांत तिचें उत्तर पंधरा आलें. उत्तरपत्रिकेवरील शून्यानें तिला काय शिकविलें असतें? परीक्षा ही मुलाच्या चुकीच्या मागचा विचार दाखविणारी असावी. चुकीवर शिक्का मारणारी नसावी.

आणखी एक गोष्ट. आपल्या शाळेंत कोणी घरीं कादोडी बोलतें, कोणी वाडवळी, कोणी कोळ्यांची बोली; पूर्वेकडून येणाऱ्या मजुरांचीं मुलें वारली बोलतात. पुस्तकाची मराठी ही त्यांतील पुष्कळांना अर्धी परकी भाषा आहे. मुलानें गोष्टीचा अर्थ घरच्या शब्दांत सांगितला तर तें चुकलें असें मानूं नये. अर्थ कळला हीच मोठी कमाई. वीटभट्टीच्या कामास जाणाऱ्या कुटुंबांचीं मुलें दिवाळीनंतर कित्येक महिने शाळेंत नसतात. तीं परत आल्यावर त्यांना नव्या धड्यावर बसविणें म्हणजे पायऱ्या काढून घेऊन माडीवर चढ म्हणण्यासारखें आहे.

एका जुन्या इतिहासाकडे वळतों. इंग्लंडांत १८६२ सालीं असा नियम झाला कीं, इन्स्पेक्टरानें येऊन मुलांची वाचन, लेखन व अंकगणित यांत परीक्षा घ्यावी, आणि जितकीं मुलें उत्तीर्ण होतील त्या मानानें शाळेस अनुदान मिळावें. हेतु असा होता कीं, शिक्षकांनीं मन लावून शिकवावें. झालें काय? परीक्षेचें वाचनपुस्तक मुलांकडून तोंडपाठ करवून घेण्यांत आलें, आणि जें परीक्षेंत नाहीं तें शाळेंतूनहि नाहींसें झालें. कवि मॅथ्यू अर्नोल्ड हे स्वतः शाळांचे इन्स्पेक्टर होते. त्यांनीं ह्या पद्धतीवर सतत टीका केली. शतक संपण्यापूर्वीं ती तेथें सोडून द्यावी लागली. तेव्हां आंकड्यावर पैसा, मान किंवा अब्रू टांगली कीं, आंकडा सुधारतो आणि शिक्षण जागच्या जागीं राहतें, हा अनुभव दीडशें वर्षांचा आहे. माझ्या वेदीसेवकानें आदल्या रविवारच्या प्रार्थना म्हटल्या, तेव्हां तोहि हेंच करीत होता: आपल्यावर लादलेल्या परीक्षेंत तो उत्तीर्ण होत होता.

मग करावयाचें काय? दुःख सांगून मी आपणांस घरीं पाठविणार नाहीं. आपल्या जवळच, मुंबईच्या महानगरपालिकेच्या शाळांत, आणि बडोद्यांतहि, २००१ ते २००३ ह्या काळांत 'बालसखी' नांवाचा एक प्रयोग झाला. वस्तींतीलच शालान्त शिक्षण झालेल्या तरुण मुली नेमल्या. तिसरी-चौथींत जीं मुलें मागें पडलीं होतीं, त्यांच्या पंधरा-वीसांच्या तुकड्या करून त्या रोज सुमारें दोन तास त्यांना मूळ वाचन आणि मूळ अंकगणित शिकवीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनीं हा प्रयोग कसोशीनें तपासला. मुलांची प्रगति स्पष्ट दिसली, आणि सर्वांत मागें असलेल्या मुलांना सर्वांत अधिक लाभ झाला. बॅनर्जी व डफ्लो यांस २०१९ सालीं मायकेल क्रेमर यांसह अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. पण त्याच तपासणींत हेंहि आढळलें कीं, मदत थांबल्यावर वर्षभरांत लाभाचा मोठा भाग ओसरला. हा इशारा आपण लक्षांत ठेवूं. महोत्सवाच्या उत्साहांत सुरू करून पुढच्या पावसाळ्यांत बंद पाडण्याचें हें काम नव्हे.

म्हणून समितीपुढें माझी विनंति आहे. फाटकावर महोत्सवाची दगडी कमान उभारण्यासाठीं वर्गणी जमत आहे. कमान सुंदर होईल ह्यांत शंका नाहीं. परंतु त्या कमानीखालून वाचतां न येणारें मूल आंत गेलें आणि सात वर्षांनीं तसेंच बाहेर आलें, तर त्या दगडांवर आपण काय कोरणार? त्या रकमेचा अर्धा भाग पांच वर्षांसाठीं वाचनवर्गाकडे द्यावा, असें मी सुचवितों. शाळा सुटल्यावर रोज पाऊण तास. इयत्तेप्रमाणें नव्हे, तर ज्याचें जेथें अडतें त्याप्रमाणें तुकड्या. अक्षरावर अडलेला पांचवीचा असला तरी अक्षरवाल्यांत बसेल, आणि अडथळा ओलांडतांच पुढच्या तुकडींत जाईल. वर्षांतून तीन वेळां तोच बाक, तेंच पान, तीं पांच मिनिटें. नोंद बाईंपाशीं आणि आईवडिलांपाशीं राहील. भिंतीवर लागणार नाहीं. निवृत्त शिक्षकांपैकीं तिघांनीं होकार दिला आहे. कॉलेजांत जाणाऱ्या मुलींनीं पुढें यावें. बाईंवर हा भार टाकूं नये. त्यांच्या पाठीशीं माणसें उभीं करावीं.

आईबापांनो, आपल्यालाहि दोन शब्द. आपण शाळेंतून आलेल्या मुलाला विचारतां, "किती मार्क पडले? शेजारच्याला किती?" त्याऐवजीं, "आज काय वाचलेंस? मला वाचून दाखव," असें म्हणा. स्वतःला वाचतां येत नसलें तरी बिघडत नाहीं. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. संध्याकाळीं चुलीपाशीं बसून ती मला 'सुवार्ता' मोठ्यानें वाचावयास लावी. मी घाईंत एखादा शब्द गाळला तर भाकरी थापतां थापतां ती म्हणे, "हें कांहीं लागत नाहीं रे, पुन्हा वाच." शब्द कोणता गळला तें तिला कळत नसे, अर्थ मात्र तुटलेला तिला बरोबर कळे. तिच्या इतकी चांगली परीक्षा पुढें सेमिनरींतहि माझी फार थोड्यांनीं घेतली.

इंग्रजी माध्यमाकडे ज्यांचा ओढा आहे त्यांस मी दोष देत नाहीं. मुलाच्या पोटापाण्याचा विचार प्रत्येक बाप करतो. पण माध्यम कोणतेंहि घ्या, तिसरीच्या अखेरीस मुलाला समजून वाचतां आलें पाहिजे. सरकारनें २०२१ सालीं 'निपुण भारत' ह्या नांवानें हेंच ध्येय ठेवलें, आणि त्यासाठीं २०२६-२७ ही मुदत ठरविली. गणवेशाच्या टायवरून आणि महिन्याच्या फीवरून ही गोष्ट कळत नाहीं. मुलाला पुस्तक देऊन जवळ बसल्यावरच कळते.

आपण सर्वजण शुभवर्तमानांतील मेंढपाळाची गोष्ट जाणतां. त्याच्याजवळ शंभर मेंढरें होतीं. आमच्यासारखा व्यवस्थापक तेथें असता तर त्यानें नव्व्याण्णव मोजून समाधान मानलें असतें, किंवा हरवलेल्यालाहि वहींत हजर लिहून शंभर पुरे केले असते. तो मेंढपाळ मात्र रानांत गेला. शाळेच्या निकालाविषयीं धर्मगुरूनें ह्याहून अधिक काय सांगावें?

तो मुलगा आतां रोज संध्याकाळीं बाईंकडे येतो. जोडाक्षरें त्याला अजून पुरतीं वश झालेलीं नाहींत. गेल्या शनिवारीं मीं त्याला पूर्वीं न पाहिलेला कागद दिला. सात ओळी वाचावयास त्याला बराच वेळ लागला. 'प्रार्थना' ह्याच शब्दावर तो दोन वेळां अडला, मग बोट मागें नेऊन पुन्हा आला आणि पार झाला. पांचवीची परीक्षा अजून व्हावयाची आहे. तींत काय होईल तें मी सांगूं शकत नाहीं. परंतु त्या सात ओळी त्यानें स्वतः वाचल्या, ताईनें नव्हे.

फाटकावरील पाटी उद्यां सकाळीं उतरविण्यास मीं सांगितलें आहे. तिच्या जागीं दुसरी लावावयाची नाहीं. जागा रिकामीच राहूं द्या. येतांजातां तिच्याकडे पाहून आपणांस आपलें काम आठवेल.